तलवार घासू नका, वाचा!



वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या सुट्टीत मी जव्हारजवळच्या एका पाड्यावर मित्राच्या घरी गेलो होतो. अंगणात झेंडूच्या माळा होत्या. सारवलेल्या ओटीवर घरातली अवजारे पूजेसाठी मांडली होती: नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे आणि दोन कोयते. शेवटी मित्राच्या आजोबांनी माळ्यावरून कापडात गुंडाळलेली एक लांब वस्तू खाली काढली. ती तलवार होती. काळीकुट्ट पडलेली, जागोजागी तांबूस पुटे चढलेली.

मी तेव्हा नुकताच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागलो होतो. गंज म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, हे मला पाठ होते आणि पाठ असलेले वापरून दाखवण्याची हौसही होती. "आजोबा, मी ही लख्ख करून देतो," असे म्हणून मी लिंबू आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. दोन तासांत पाते आरशासारखे चमकू लागले. घरातली मुले टाळ्या वाजवू लागली. आजोबांनी तलवार हातात घेतली, उलटसुलट केली आणि मुठीच्या जरा पुढे, पात्याच्या पाठीवर अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"इथं सोन्याची अक्षरं होती, मास्तर," ते म्हणाले. "दिसायची नाहीत, पण बोटाला लागायची."

मी जे दोन तासांत पुसून टाकले, ते आता कुणालाही पुन्हा वाचता येणार नाही. तुमच्या हातून असे होऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे. जुने पाते हा एक कागद असतो. त्याच्यावर लोहाराने, मालकाने आणि काळाने काही ना काही लिहून ठेवलेले असते. ते वाचायला भौतिकशास्त्र फार उपयोगी पडते, फक्त ते घासण्याच्या आधी आठवायला हवे.

जव्हारच्या माळावर पाते कुठून आले?

जव्हार आणि मोखाडा हे आजच्या पालघर जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी ते ठाणे जिल्ह्यात होते आणि त्याच्याही आधी, १९४८ पर्यंत, जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. महादेव कोळी समाजातील या घराण्याची सत्ता इथे काही शतके टिकली. १६६४ साली सुरतेच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराज इथून गेले आणि राजे विक्रमशहा यांची व त्यांची शिरपामाळावर भेट झाली, असे जव्हारचे लोक अभिमानाने सांगतात. नाशिककडचा घाटमाथा आणि समुद्रकिनारा यांच्या मधल्या वाटा या मुलखातून जातात. जिथे संस्थान असते, तिथे शिपाई, शिलेदार आणि पहारेकरी असतात. आणि जिथे वाटा असतात, तिथे वाटेची राखण असते. अशा मुलखात एखाद्या घराच्या माळ्यावर जुने पाते निघाले, तर त्यात नवल नाही.

पण "जुने आहे" एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ते कुठे घडले, कुणाच्या हातात होते, लढाईसाठी होते की मिरवणुकीसाठी, हे प्रश्न उरतातच. उत्तरे शोधायला घरातल्याच दुसऱ्या पात्यापासून सुरुवात करू.

कोयता आणि तलवार

या भागात रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला लाकडी आकडीत अडकवलेला कोयता असतो. कोयता बोटावर तोलून पाहिला, तर तोल मुठीपासून बराच पुढे, पात्यात सापडतो. म्हणजे त्याचे वजन पुढे आहे. फांदी तोडताना हे पुढचे वजन वेग घेते आणि घाव खोल जातो. फांदी काही जागची हलत नाही, म्हणून हत्यार चटकन मागे वळवण्याची घाई नसते.

तलवारीचे तसे नाही. समोरचा माणूस हलतो, वार चुकवतो, उलटा वार करतो. तलवार क्षणात वळवता आली पाहिजे. म्हणून तलवारीचे पाते मुठीपासून टोकाकडे पातळ होत जाते आणि पुष्कळशा भारतीय तलवारींच्या मुठीच्या शेवटी एक वाटोळी चकती असते. ती चकती मुठीमागे राहून पात्याचा भार काहीसा तोलून धरते. अशा तलवारीचा गुरुत्वमध्य मुठीपासून थोड्याच अंतरावर असतो. म्हणजे नुसता गुरुत्वमध्य मोजला, तरी हत्यार तोडण्यासाठी घडवले की चपळ हालचालीसाठी, याचा अंदाज येतो.

आता दुसरा बिंदू पाहू. क्रिकेट खेळताना चेंडू बॅटच्या एका ठराविक जागी बसला, की हाताला झिणझिण्या येत नाहीत. चेंडू फार वर किंवा अगदी टोकाला लागला, तर हात झणझणतो. या जागेला आघातकेंद्र म्हणतात. तलवारीलाही असे आघातकेंद्र असते. चांगला कारागीर ते पात्याच्या अशा भागात आणतो, जिथे वार बसणे अपेक्षित असते.

हे तलवारीवाचून घरी करून पाहता येईल. ९० सेंटिमीटर लांबीची, सगळीकडे सारख्या जाडीची एक काठी घ्या. एका टोकाशी छिद्र पाडून ती खिळ्यावर टांगा आणि थोडीशी झुलवा. २० आंदोलनांना सुमारे ३१ सेकंद लागतील. म्हणजे एका आंदोलनाला १.५५ सेकंद. आता या आकड्याचा वर्ग करून त्याला ४ ने भागा. उत्तर येते ०.६० मीटर. काठीचे आघातकेंद्र टांगलेल्या टोकापासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या दोनतृतीयांशावर आहे. काठी त्याच टोकाला सैल धरून टेबलाच्या कडेवर हलकेच आपटून पाहा. ६० सेंटिमीटरच्या आसपास हाताला सर्वांत कमी हिसका बसतो.

मग काठीच्या खालच्या टोकाला ओली माती थापा. आता २० आंदोलनांना जास्त वेळ लागेल. माती जितकी जड, तितका आकडा ३८ सेकंदांच्या जवळ सरकेल. आघातकेंद्र टोकाकडे गेले; काठी कोयत्यासारखी झाली! एका घड्याळाने आणि एका खिळ्याने हत्याराचा स्वभाव कळतो, तो असा.

घाटाचे गणित

तलवारीला बाक का असतो? आजीच्या विळीकडे पाहा. विळीचे पाते वाकडे असते आणि आजी काकडी त्याच्यावर नुसती दाबत नाही. ती पात्यावरून सरकवते. काकडी सहज चिरली जाते.

यामागचे गणित मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या घाटात दिसते. डोंगर सरळ चढायचा तर चढ अंगावर येतो. म्हणून रस्ता तिरपा, वळणे घेत नेतात. डोंगर तोच, पण चालणाऱ्याला चढ कमी लागतो. पात्याची धार ही एक पाचर आहे. पाते सरळ दाबले, तर पदार्थाला पाचरीचा पूर्ण कोन भोगावा लागतो. पाते सरकवत कापले, तर पदार्थ पाचरीवर तिरपा चढतो आणि त्याला कोन लहान वाटतो. समजा धारेचा कोन ३० अंश आहे आणि पाते सरळ दिशेशी ६० अंशांचा तिरपेपणा ठेवून सरकते आहे, तर तो कोन जवळपास १५ अंशांचा होतो. धार न लावताच दुप्पट धारदार!

बाकदार तलवारीने वार करताना पाते आपोआप सरकते. म्हणून घोडेस्वारांना ती सोयीची. सरळ पात्याची तलवार भोसकायला चांगली. महाराष्ट्रात सरळ पात्याच्या एका तलवारीला 'फिरंग' म्हणतात. युरोपातून, विशेषतः जर्मनीतील झोलिंगेन गावातून निघालेली पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत इथे येत. त्यांना इथले कारागीर आपल्या पद्धतीची मूठ बसवत. म्हणजे एकाच तलवारीचे पाते एका खंडातले आणि मूठ दुसऱ्या खंडातली! पाते आणि मूठ यांचे वय वेगळे असण्याचा संभव नेहमी ध्यानात ठेवावा. जुन्या मुठीत पात्याचा शेपटा लाखेसारख्या चिकट पदार्थाने घट्ट केलेला असतो. गरम पाण्यात मूठ बुडवून धुणाऱ्यांच्या हातात कधी कधी मूठ वेगळी आणि पाते वेगळे येते, ते यामुळेच.

मुशीतले पोलाद

आता धातूकडे वळू. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असला, तर ते चिवट राहते. तीन-चार टक्के झाला, तर ओतीव लोखंड होते, जे हातोडीच्या घावाने फुटते. गावचा लोहार मोटारीच्या कमानपट्टीचा कोयता करतो, तापवून लाल करतो आणि पाण्यात बुडवतो, तेव्हा तो कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत कोंडून टाकत असतो. कोंडलेले अणू थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. म्हणून धार कठीण होते. पण ती काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून लोहार तिला पुन्हा मंद तापवतो. या वेळी पृष्ठावर पिवळसर ते निळे रंग उमटतात. ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणाने हे रंग दिसतात, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे. जसा थर जाड होतो, तसा रंग बदलतो, आणि लोहार रंगावरून तापमान ओळखतो.

दक्षिण भारतात याहून वेगळे एक पोलाद होत असे. लोखंड आणि झाडपाला मातीच्या मुशीत घालून, मूस बंद करून, भट्टीत बराच काळ तापवत आणि मग सावकाश निवू देत. यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास जाई. तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव यासाठी प्रसिद्ध होते आणि इराणचे व्यापारी तिथे खरेदीला येत. कन्नडमधील 'उक्कु' या शब्दावरून युरोपात याला 'वूट्झ' हे नाव पडले, असे मानतात. या पोलादाच्या तलवारीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. फारसी-उर्दूत तिला 'जौहर' म्हणतात. उच्चार जवळचा वाटला, तरी हा शब्द जव्हार गावाशी जोडण्याची घाई करू नका. पुराव्यावाचून जोडलेली नाती तलवारींच्या बाबतीत फार आढळतात!

या पोलादाचा आणि मुंबईचा एक जुना संबंध आहे. मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध सादर केला. पुढे १८१९ मध्ये एका तरुण शास्त्रज्ञाने वूट्झचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे! विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाचा त्याचा शोध १८३१ चा, म्हणजे बारा वर्षांनंतरचा. वूट्झचे गुण त्यातील अल्पशा ॲल्युमिनियममुळे आहेत, असे फॅरडेला वाटले. तो अंदाज चुकला. खरे कारण कार्बन होते. फॅरडेसुद्धा चुकतो, हे वाचून मला पॉलिश पेपरचे दुःख थोडे हलके वाटते. फरक एवढाच की फॅरडेची चूक दुरुस्त करता आली.

नक्षीचे रहस्य विसाव्या शतकाच्या शेवटी बरेच उलगडले. अमेरिकेतील व्हरहोवेन आणि पेंड्रे यांनी दाखवले, की धातुकात व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अगदी किंचित अंश असला, तर लोखंडाच्या कार्बाइडचे कण ओळीने जमतात. सौम्य आम्ल लावले की भोवतालचे पोलाद काळवंडते आणि कार्बाइडच्या रेघा उजळ राहतात. २००६ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील पॉफ्लर यांच्या गटाने सतराव्या शतकातील अशा एका तलवारीच्या तुकड्यात कार्बनच्या नॅनोनलिका आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या घडवणाऱ्या लोहाराला हे शब्द माहीत नव्हते. पण किती तापवायचे, किती ठोकायचे आणि कधी थांबायचे, हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

गंजाची दोन रूपे

सगळा गंज सारखा नसतो. तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज हा चालू रोग आहे. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे त्याचे पोपडे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. हवा, पाणी आणि क्षार मिळाले की तो वाढतो. हाताच्या घामात क्षार असतात. म्हणून पात्याला बोटे लावू नयेत. जव्हार-मोखाड्याचा पावसाळा तर चार महिने कपडे वाळू देत नाही. अशा हवेत कातडी म्यान ओल धरून ठेवते आणि आतले पाते हळूहळू खाल्ले जाते.

याउलट गडद तपकिरी किंवा काळा, घट्ट बसलेला, गुळगुळीत थर हा जुना आणि बराचसा शांत झालेला असतो. तो पात्याच्या वयाचा साक्षीदार आहे. जाणकार संग्राहक त्याला हात लावत नाहीत. आणि मी नेमका तोच खरवडला!

चिंच, लिंबू, विटेची भुकटी, रांगोळी, काचकागद हे सर्व भांड्यांचे मित्र आणि जुन्या पात्याचे शत्रू आहेत. लहरींची नक्षी पोलादात खोलवर असते, ती तज्ज्ञाला कदाचित परत आणता येईल. पण पात्यावरची सोन्याची अक्षरे बहुधा कोफ्तगरीची असतात. त्यात पोलादावर बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडून त्यांत सोन्याची अतिशय पातळ तार ठोकून बसवतात. हे सोने वरच्या वरच असते. पॉलिश पेपर आधी सोने काढतो, मग रेघाही.

तुम्ही विचाराल, की पोलीस मोटारीचा घासून काढलेला चॅसिस क्रमांक आम्लाने परत उमटवतात, तसे इथे करता येणार नाही का? तो क्रमांक ठशाने ठोकलेला असतो. ठोक्याने खालच्या धातूची स्फटिकरचनाही दबते, आणि आम्ल त्या दबलेल्या भागावर वेगळ्या तऱ्हेने काम करते. म्हणून पात्यावरचा ठोकलेला ठसा क्वचित परत मिळू शकतो. पण वरवरच्या रेघांत बसवलेले सोने गेले, की खाली वाचण्यासारखे फारसे काही उरत नाही.

तिरपा उजेड

मग मी काय करायला हवे होते? खिशातली विजेरी काढायला हवी होती.

पात्यावर समोरून उजेड टाकला, तर खोलगट अक्षर आणि सपाट भाग सारखेच उजळतात. पण विजेरी पात्याच्या जवळजवळ समांतर धरली, तर लहानशा खाचेचीही लांब सावली पडते. संध्याकाळी आपली सावली लांबते, तशीच. हिशेब करून पाहा. अक्षराचा उठाव ०.१ मिलिमीटर आणि उजेडाचा कोन ५ अंश असेल, तर सावलीची लांबी उठावाच्या ११ पटींहून जास्त, म्हणजे १ मिलिमीटरपेक्षा मोठी होते. डोळ्याला न दिसणारे अक्षर दिसू लागते! झिजलेले जुने नाणे घ्या, खोलीत अंधार करा आणि विजेरी चारी बाजूंनी तिरपी फिरवून पाहा. मोबाइलने प्रत्येक बाजूचा फोटो काढा. ही पद्धत संग्रहालयांतही वापरतात, आणि तिला खर्च काही नाही.

चार अक्षरांनी काय होते, असे वाटत असेल, तर एक ताजी घटना सांगतो. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सोदबीज या संस्थेच्या लिलावात एक तलवार विक्रीला आली. सरळ, एकधारी, युरोपीय पाते आणि सोन्याचे काम केलेली मूठ. म्हणजे फिरंग. अशा फिरंगी जगातल्या अनेक संग्रहांत आहेत. पण या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव होते: नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांचे, त्यांच्या 'सेनासाहेब सुभा' या पदवीसह. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली. शतकांच्या प्रवासात कुणी एखादा उत्साही माणूस तिच्यावर लिंबू आणि पॉलिश पेपर घेऊन बसला असता, तर? पोलाद तेच राहिले असते. पण रघूजींची तलवार उरली नसती.

नवी 'जुनी' तलवार

संग्राहकाला दुसरे भय खोट्या मालाचे. यातही विज्ञान मदतीला येते. एखादा विक्रेता न गंजणाऱ्या, चकचकीत पोलादाची तलवार 'शिवकालीन' म्हणून दाखवू लागला, तर त्याला नमस्कार करून पुढे व्हावे. न गंजणारे पोलाद १९१३ च्या सुमाराचे आहे! लहरींची नक्षीही आम्लाने वरवर कोरता येते. खरी नक्षी पोलादाच्या अंगातच असते, कोरीव नक्षी फक्त कातडीवर. पात्यावरचे ठसेही फसवतात. जर्मनीतील धावत्या लांडग्याचा ठसा इतका मानाचा होता, की इतर ठिकाणचे कारागीरही तो आपल्या पात्यांवर मारू लागले. ठसा हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

प्रयोगशाळेत याहून पुढे जाता येते. क्ष-किरण टाकून पृष्ठावरची मूलद्रव्ये ओळखता येतात आणि न्यूट्रॉनांच्या विवर्तनाने पाते न कापता त्याची आतली रचना पाहता येते. लोणारी कोळशावर केलेल्या पोलादातल्या कार्बनचे किरणोत्सारी पद्धतीने वयही काढतात. पण त्यासाठी तुकडा काढावा लागतो आणि गेल्या तीनशे वर्षांतल्या वस्तूंसाठी ही पद्धत फारशी नेमकी ठरत नाही.

आणि काही प्रश्न यंत्राला विचारताच येत नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच का, याची खात्री करता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केलेले आहे. पोलाद तपासून पोलादाचे गुण कळतील. ते कुणाच्या हातात होते, हे कळायला अखंड नोंद लागते.

संग्रह म्हणजे नोंद

मोखाड्याचा बोहाडा तुम्ही पाहिला असेल किंवा ऐकला असेल. देवदेवतांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचतात. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि सर्वांना तोंडपाठ असते. जुन्या पात्यांनाही अशीच स्मृती असते. ती आजोबा-आजींजवळ असते आणि त्यांच्याबरोबर जाते. पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, शस्त्रे अशा वस्तू गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. तुम्हाला वस्तू गोळा करायची गरज नाही. तुम्ही नोंदी गोळा करा. घरातल्या मोठ्या माणसांच्या हाती पाते असू द्या आणि तुम्ही वही घेऊन बसा:

१. पाते आहे त्या स्थितीत, न पुसता, सर्व बाजूंनी फोटो काढा; शेजारी मोजपट्टी ठेवा.
२. एकूण लांबी, पात्याची लांबी, मुठीजवळची रुंदी, पाठीची जाडी, बाकाची खोली आणि वजन लिहा.
३. मोठ्या माणसाला पाते दोऱ्यावर तोलायला सांगून गुरुत्वमध्याचे मुठीपासूनचे अंतर मोजा.
४. तिरप्या उजेडात दिसलेली प्रत्येक खूण, समजो वा न समजो, काढून घ्या.
५. घरातले लोक काय सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासह आणि तारखेसह लिहा. "असे म्हणतात" हे शब्द गाळू नका.

राखणीचे नियमही सोपे आहेत. पाते म्यानाबाहेर, कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात ठेवावे. तांबूस गंजावर शिलाई यंत्राच्या तेलाचा हलका हात मऊ कापडाने द्यावा, तोही अक्षरे नसल्याची खात्री झाल्यावर. पूजेचे हळदकुंकू आणि ओली फुले पात्यावर न ठेवता शेजारच्या पाटावर वाहावीत. देवीला ते चालते, आणि पात्याला मानवते.

कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत धरली आहेत. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणून तलवार घरात असेल, तर परवान्याबाबत मोठ्यांनी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आणि नांगरताना जमिनीत काही मौल्यवान सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मर्यादा अवघी १० रुपयांची आहे!

गेल्या दसऱ्याला मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. आजोबा आता नाहीत. त्यांची पतवंडे शाळेत जातात. आम्ही वही, मोजपट्टी आणि विजेरी घेऊन ओटीवर बसलो. जिथे अक्षरे होती, तिथे तिरप्या उजेडातही गुळगुळीत पोलादच दिसले. पण दुसऱ्या बाजूला, मुठीच्या अगदी लगत, जिथे माझा पॉलिश पेपर पोहोचला नव्हता, तिथे सावलीत दोन लहान दातेरी चंद्रकोरी उमटल्या. असा ठसा युरोपीय पात्यांवर असे आणि इथले लोहारही त्याची नक्कल करत. म्हणजे त्याने निकाल लागत नाही. तरी मुलांनी तो आकारमानासह वहीत काढून घेतला.

'अक्षरे' या रकान्यापुढे मी स्वतः लिहिले: "होती. सोन्याची. घासल्यामुळे नष्ट." कोणती होती, हे लिहिता आले नाही. त्या दिवशी शरमेने मी आजोबांना ते विचारलेच नव्हते, आणि आता विचारायला कुणी नाही.

तुमच्या घरी विचारायला माणसे आहेत. दसऱ्याची वाट पाहू नका.